काळ्या मातीच्या वाटेने अलाबामा

अलाबामा राज्याच्या राजमुद्रेवर नद्यांचा नकाशा आहे. १८१७ मध्ये, हा भाग अजून राज्यही झाला नव्हता, तेव्हाचे गव्हर्नर विल्यम बिब यांनी ती तशी करून घेतली. वरच्या अंगाला आडवी गेलेली टेनेसी, आणि मधून खाली मोबीलच्या खाडीकडे उतरणाऱ्या कूसा, टॅलापूसा, अलाबामा, टॉमबिग्बी. तेव्हा माल जायचा तो नदीनेच, त्यामुळे नद्या कळल्या की मुलूख कळला. आम्हीही त्याच नकाशावर बोट ठेवून उत्तरेच्या हंट्सव्हिलहून निघालो आणि मेक्सिकोच्या आखातापर्यंत उतरलो.

मी खामगावचा. घरची शेती काळ्या जमिनीची, कापसाची. आमच्या गावाला १८७० मध्ये रेल्वेचा फाटा आला तोही कापसासाठी. हंट्सव्हिलला पुतणी आणि जावई राहतात. पुतणीने विचारलं, "काका, नायगारा करायचा का न्यूयॉर्क?" मी म्हटलं, मला टस्कीगी बघायचंय आणि अलाबामाचा तो काळ्या मातीचा पट्टा, ज्याला तिकडे ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणतात. तिने लगेच सुट्टी टाकली.

थोडी मूळ माहिती आधी देतो, म्हणजे पुढचं लक्षात येईल. अलाबामा १४ डिसेंबर १८१९ रोजी अमेरिकेचं बाविसावं राज्य झालं. राजधानी माँटगोमेरी, काउंट्या (म्हणजे जिल्हे) ६७, २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ५० लाखांच्या थोडी वर. क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. समुद्रकिनारा जेमतेम ८५ किलोमीटर.

शनिवार : हंट्सव्हिल

सकाळी चहा घेताना पुतणीच्या अंगणात राज्यपक्षी दिसला. यलोहॅमर. सुतार पक्ष्याच्या कुळातला, पण झाडापेक्षा जमिनीवर मुंग्या टिपत हिंडणारा. उडाला की पंखांच्या आतला पिवळा रंग लखकन दिसतो. अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धात (१८६१-६५) हंट्सव्हिलकडच्या घोडदळाच्या नव्या गणवेशांना पिवळ्या कापडाची किनार होती, त्यावरून अलाबामाच्या सैनिकांना हे नाव पडलं आणि १९२७ मध्ये पक्ष्याला राज्याचा मान मिळाला. इथली बरीच प्रतीकं अशी युद्धातून आलेली आहेत, हे पुढे जागोजागी जाणवत गेलं.

हंट्सव्हिल म्हणजे रॉकेटचं गाव. १९५० मध्ये रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन आणि त्यांचे जर्मन सहकारी इथे आले आणि कापसाच्या गिरण्यांचं हे गाव पार बदललं. चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न-५ ची आखणी इथलीच. स्पेस अँड रॉकेट सेंटरमध्ये खरं सॅटर्न-५ आडवं ठेवलंय, ११० मीटर लांब. त्याच्याखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालताना आम्ही सगळे गप्प होतो. फॉन ब्राउन यांची आधीची व्ही-२ क्षेपणास्त्रं छळछावणीतल्या कैद्यांच्या घामावर आणि जिवावर तयार झाली होती. ते रॉकेट बघताना माझ्या मनातून हे जाईना.

बाहेर पडताना एका छोट्या समाधीवर केळी ठेवलेली दिसली. १९५९ मध्ये अवकाशात जाऊन जिवंत परतलेली ‘मिस बेकर’ नावाची माकडीण १९८४ मध्ये वारली, तिची ही समाधी. लोक येताना आठवणीने केळं आणतात. आमच्याकडे नव्हतं. शेजारच्या एका आजीबाईंनी आपल्या घडातलं एक काढून माझ्या बायकोच्या हातात दिलं.

दुपारी गावाबाहेर पडलो आणि मला पहिला धक्का बसला. टेनेसीच्या खोऱ्यात, नव्या बंगल्यांच्या कुंपणाला लागून पऱ्हाटी! बोंडं फुटलेली आणि झाडावर पान नाही. वेचणीच्या आधी औषध फवारून पानं गाळतात, कारण कापूस यंत्र काढतं. शेताच्या कडेला पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कापसाचे गोल भारे पडले होते, एकेक माणसाच्या उंचीपेक्षा मोठा. शेतकरी ट्रकमध्ये बसून पाणी पीत होता, त्याच्याशी बोललो. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास बाया फडकं बांधून हाताने वेचतात हे त्याने दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "माझी आजी वेचायची. तिच्या बोटांवर बोंडाच्या टोकांचे वण होते." आमच्या आईच्याही होते, हे मी त्याला सांगितलं.

ऑक्टोबरातला शनिवार असेल तर एक लक्षात ठेवा. अलाबामात त्या दिवशी कॉलेज फुटबॉल असतं. दुकानातली मुलगी पैसे घ्यायच्या आधी विचारते, "रोल टाइड की वॉर ईगल?" म्हणजे तुम्ही अलाबामा विद्यापीठाचे की ऑबर्नचे. सामन्याच्या वेळी रस्ते मोकळे मिळतात, पण टस्कलूसा आणि ऑबर्नमध्ये खोली मिळणं अवघड. मुक्काम आधी ठरवा.

रविवार : बर्मिंगहॅम

बर्मिंगहॅम १८७१ मध्ये वसलं, यादवी युद्धानंतर. लोखंडाचं खनिज, दगडी कोळसा आणि चुनखडी, पोलाद-लोखंडाला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी इथे हाकेच्या अंतरावर सापडतात. राज्याचं खनिज हेमटाइट आहे ते याचमुळे. रेड माउंटनवर उभा असलेला व्हल्कनचा, म्हणजे रोमन लोहारदेवाचा पुतळा त्याच बिडाचा, ५६ फूट उंच, १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनासाठी ओतलेला. बिडाचा याहून मोठा पुतळा जगात नाही. स्लॉस कारखान्याच्या लोखंडाच्या भट्ट्या १९७१ मध्ये थंडावल्या. त्या गंजक्या नळ्यांच्या जंगलात आता लोक हिंडायला येतात.

पण बर्मिंगहॅमला जायचं ते सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चसाठी. १५ सप्टेंबर १९६३, रविवार. काळ्या लोकांच्या या चर्चच्या पायऱ्यांखाली गोऱ्या वंशद्वेष्ट्यांनी ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला आणि ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन आणि डेनिस मॅकनेअर या चार मुली गेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, डेनिस अकराची. आम्हीही रविवारीच गेलो आणि प्रार्थनेला बसलो. पाहुण्यांना उभं राहायला सांगतात. आम्ही भारतातून आलोय म्हटल्यावर पुढच्या बाकावरच्या बाई वळल्या, हिचा हात धरला आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही.

समोरच्या केली इंग्राम बागेत पोलिसी कुत्र्यांचे आणि पाण्याच्या बंबांचे पुतळे आहेत. १९६३ च्या मे महिन्यात समान हक्कांसाठी मोर्चा काढणाऱ्या शाळकरी मुलांवर ते सोडले होते. पायवाट दोन्ही बाजूंनी झेप घेणाऱ्या कुत्र्यांच्या मधून जाते, आणि ती चुकवता येते. चुकवू नका.

जेवणाबद्दल. दक्षिणेतल्या साध्या खाणावळींत एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या अशी थाळी असते. शाकाहारी लोकांनी नुसत्या भाज्यांची थाळी मागावी, ती सगळीकडे मिळते. मात्र पालेभाजी आणि घेवडा पुष्कळदा डुकराच्या मांसाच्या तुकड्यासोबत शिजवलेला असतो, तेव्हा विचारूनच घ्या. भेंडी हमखास असते, मक्याच्या पिठात घोळवून तळलेली. ही भेंडी इथे आफ्रिकेतून आली, गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर. आणि चहा मागितला तर बर्फ घातलेला, पाकासारखा गोड चहा समोर येतो. गरम हवा असेल तर तसं स्पष्ट सांगा.

सोमवार : चीहा आणि वेटम्प्का

चीहा हे राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण, सुमारे ७३५ मीटर. अ‍ॅपलाचियन डोंगररांग इथे येऊन उतरणीला लागते. धुकं होतं, फारसं दिसलं नाही, कॉफी पिऊन उतरलो.

वेटम्प्का मात्र माझ्यासाठी खास होतं. लोणार आमच्याच जिल्ह्यातलं, शाळेची सहल दरवर्षी तिथेच. वेटम्प्काभोवतीच्या टेकड्या म्हणजेही उल्काघाताच्या विवराची कड आहे. लोणारचं विवर पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद, हे सुमारे आठ. काळ सुमारे साडेआठ कोटी वर्षांपूर्वीचा. १९९८ मध्ये खोदाईच्या नमुन्यांतून ते उल्काविवरच असल्याचं पक्कं झालं. उल्का पडली तेव्हा इथे उथळ समुद्र होता.

तो समुद्र पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ आहे. त्याच्या तळाशी सूक्ष्म जीवांच्या कवचांचा चुनखडीसारखा गाळ साचला, समुद्र हटल्यावर त्या खडूच्या थरावर गवताळ माळ आले, आणि काळी, जड, सुपीक माती तयार झाली. आपली काळी माती बेसॉल्टपासून बनली, यांची खडूपासून. अलाबामाच्या मधोमध चंद्रकोरीसारखा आडवा गेलेला हा पट्टा म्हणजेच ब्लॅक बेल्ट.

वेटम्प्काजवळच कूसा आणि टॅलापूसा एकमेकींना मिळतात आणि पुढे अलाबामा नदी वाहू लागते. तिथे १७१७ चा फ्रेंच किल्ला होता, नंतर त्याच जागी फोर्ट जॅक्सन उभा राहिला. मार्च १८१४ मध्ये हॉर्सशू बेंडच्या लढाईत इथल्या मूळ रहिवासी क्रीक लोकांचा पराभव झाला आणि ऑगस्टमध्ये या किल्ल्यात झालेल्या तहाने त्यांची २ कोटी एकरांहून जास्त जमीन गेली. त्यात अमेरिकनांच्या बाजूने लढलेल्या क्रीकांचीही जमीन होती. कागदावर सही होताच जॉर्जिया, व्हर्जिनिया, कॅरोलायनातून कापूस लावणारे गोरे जमीनदार या मातीवर तुटून पडले, आणि सोबत साखळ्या घातलेली माणसं घेऊन आले. संगमावर फिरायला छान लाकडी वाट आहे. मी नदीपेक्षा काठाची मातीच जास्त वेळ बघत होतो.

मंगळवार : टस्कीगी आणि एंटरप्राइज

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी घरांत किती जवळचं आहे हे वेगळं सांगायला नको. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी शेती किंवा विज्ञान धरलं ते त्यांचं चरित्र वाचून. टस्कीगीच्या संग्रहालयात शिरताना मी चपला काढायच्या बेतात होतो.

काळ्या समाजाचे नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये काळ्या तरुणांसाठी ही शिक्षणसंस्था सुरू केली. इमारतींच्या विटा विद्यार्थ्यांनी स्वतः पाडल्या आणि भाजल्या. कार्व्हर १८९६ मध्ये आले. तोवर कापूस, कापूस आणि कापूसच घेऊन आजूबाजूची जमीन खंगली होती. गुलामी संपली होती, पण काळा शेतकरी अजून बटाईने दुसऱ्याची जमीन कसत होता आणि दुकानदाराच्या उधारीत बुडाला होता. कार्व्हरनी त्याला चवळी, रताळी, भुईमूग लावायला सांगितलं, म्हणजे जमिनीला नत्र मिळेल आणि पोराबाळांच्या पोटात प्रथिनं जातील. शेतकरी शाळेत येऊ शकत नाही, तर शाळाच त्याच्याकडे जावी म्हणून १९०६ मध्ये अवजारं आणि बियाणं भरलेली घोडागाडी गावोगाव निघाली. तिचा नमुना बघितल्यावर आपल्या कृषी विस्ताराचं सगळं काम डोळ्यांसमोर आलं. १९१६ मध्ये त्यांनी भुईमूग लावण्याची आणि तो खाण्याच्या १०५ पदार्थांची माहिती देणारी पत्रिका काढली. पीनट बटरचा शोध त्यांनी लावला असं आपल्याकडे सर्रास सांगतात, ते खरं नाही. त्यांचं मोठेपण त्या बरणीत नाहीच, ते त्या गाडीत आहे.

संग्रहालयात त्यांनी विणलेले क्रोशाचे नमुने, मातीपासून केलेले रंग आणि चित्रं आहेत. तिथल्या मार्गदर्शक बाईंना मी सांगितलं की भारतात, महाराष्ट्रात, त्यांचं चरित्र शाळकरी मुलं वाचतात. त्या म्हणाल्या, "हो, तुमच्यासारखे लोक येतात. थेट समाधीकडेच जातात." आम्हीही गेलो. ५ जानेवारी १९४३ रोजी ते गेले. बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांची समाधी आहे. बायकोने तिथली चिमूटभर माती कपाळाला लावली.

टस्कीगीशीच १९३२ ते १९७२ चा तो भयंकर ‘प्रयोग’ही जोडलेला आहे. सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० काळ्या पुरुषांवर पाळत ठेवली. त्यातल्या जवळजवळ ४०० जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिन आल्यावरही त्यांना उपचार दिले नाहीत, रोग कसा वाढतो ते पाहत राहिले. ज्या मातीत कार्व्हर राबले तिथेच हेही झालं, म्हणून लिहून ठेवतोय.

दुपारी दीडेक तास दक्षिणेला एंटरप्राइजला गेलो. भर चौकात एका स्त्रीचा पुतळा आहे, आणि तिने दोन्ही हात उंचावून डोक्यावर धरलाय एक किडा! बोल वीव्हिल, कापसाच्या कळीत आणि बोंडात अंडी घालणारा सोंडेचा भुंगा. आपल्याकडे हा नाही, आपली डोकेदुखी बोंडअळी. १९१० च्या सुमारास तो मेक्सिकोच्या बाजूने अलाबामात शिरला आणि कापूस संपवला. इथल्या शेतकऱ्यांनी भुईमूग धरला आणि त्यांना बरे दिवस आले. मग ११ डिसेंबर १९१९ रोजी गावाने कृतज्ञतेने हे स्मारक उभारलं. किडा तिच्या हातात आला १९४९ मध्ये. बोंडअळीने हैराण झालेल्या गावातून आलेला मी त्या पुतळ्यासमोर बराच वेळ उभा होतो. पीक बदलायला त्यांच्याकडे बाजार होता, तेलाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, हे विसरून चालणार नाही. नुसता सल्ला देऊन पीक बदलत नाही.

रस्त्याकडेला मोठ्या पातेल्यात शेंगा उकडत असतात. ऑक्टोबर म्हणजे भुईमूग काढणीचा हंगाम, तेव्हा ताज्या शेंगा मिळतात. मिठाच्या साध्या पाण्यातल्या घ्या, मसाल्याच्या नको. गाडीत तिघांनी मिळून दोन पिशव्या संपवल्या.

बुधवार : माँटगोमेरी

विधानभवनाच्या पायऱ्यांवर एक पितळी तारा आहे. १८ फेब्रुवारी १८६१ रोजी जेफरसन डेव्हिसने तिथे उभं राहून फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली. त्याच पायऱ्यांवरून खाली बघितलं की लाल विटांचं चर्च दिसतं, मार्टिन लूथर किंग १९५४ ते १९६० तिथे पाद्री होते. दोन्हींमधलं अंतर चालत काही मिनिटांचं. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स या काळ्या बाईंनी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि या चर्चमधून बसवरचा ३८१ दिवसांचा बहिष्कार चालला. १९५९ मध्ये किंग भारतात आले आणि मुंबईत मणिभवनात राहिले. गांधींच्या वाटेने आपण चाललोय असं त्यांनी जाहीर म्हटलं होतं, ते इथून चालायला सुरुवात केल्यावर.

विधानभवनावर राज्याचा ध्वज असतो, पांढऱ्यावर किरमिजी तिरपा क्रॉस, १८९५ चा. राज्याचं ब्रीद लॅटिनमध्ये आहे: आमच्या हक्कांचं रक्षण करायची आमची हिंमत आहे. ते १९३९ मध्ये अधिकृत झालं. १९०१ च्या राज्यघटनेने काळ्या माणसांचा मताचा हक्क जवळजवळ पुरता काढून घेतलेला होता, तेव्हाची ही गोष्ट. हक्क कुणाचे, हे त्या ब्रीदात लिहिलेलं नाही. आवारात कमेलियाची झाडं आहेत. आधी राज्यफूल गोल्डनरॉड होतं. ते तण आहे अशी काही बायकांनी तक्रार केली आणि १९५९ मध्ये कमेलिया आलं. ते मूळचं पूर्व आशियातलं, आपल्या चहाच्या झाडाचं सख्खं भावंड.

गुलामी आणि वंशद्वेषाचा इतिहास मांडणारं लेगसी म्युझियम जिथे आहे तिथे पूर्वी कापसाचं गोदाम होतं आणि गुलामांकडून तिथे काम करून घेत. १८६० च्या जनगणनेत अलाबामाची लोकसंख्या ९ लाख ६४ हजार, त्यातले ४ लाख ३५ हजार गुलाम. आत एका भिंतीवर काचेच्या शेकडो बरण्या आहेत. प्रत्येकीत माती, आणि बरणीवर नाव, गाव, तारीख. ज्या ज्या ठिकाणी जमावाने काळ्या माणसाला ठेचून किंवा फासावर लटकवून मारलं, तिथली माती त्यांचे वारस आणि स्वयंसेवक जाऊन खणून आणतात. लाल माती, पिवळी, वाळूसारखी पांढुरकी. आणि काळी. काळ्या मातीच्या बरण्या मला लांबूनच ओळखू आल्या. सुकल्यावर तिची ढेकळं कशी होतात, बरणीच्या काचेला ती कशी धरते, सगळं ओळखीचं. मी जन्मभर या मातीला आई म्हणत आलोय. त्या भिंतीसमोर मला तो शब्द तोंडातल्या तोंडातही उच्चारता येईना. शेजारी एक वृद्ध गृहस्थ एका बरणीवरचं नाव वाचत होते. त्यांनी माझ्याकडे बघून फक्त एवढंच म्हटलं, "माझ्या काउंटीतला."

टेकडीवर अशा मारल्या गेलेल्या माणसांचं, २०१८ मध्ये उघडलेलं स्मारक आहे. अशी हत्या झालेल्या देशभरातल्या प्रत्येक काउंटीचा एक लोखंडी खांब, ८०० हून जास्त, त्यांवर ४,४०० हून जास्त माणसांची नोंद. सुरुवातीला खांब आपल्या उंचीला असतात. जमीन उतरत जाते आणि खांब वर वर टांगलेले राहतात.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना. त्या अर्पणपत्रिकेचं मोल इथे आल्याशिवाय मला पुरतं कळलं नसतं. मराठी माणूस अमेरिकेत आला तर त्याने माँटगोमेरीला यावं, असं मला अगदी मनापासून वाटतं. संग्रहालय, स्मारक आणि नदीकाठचं शिल्पोद्यान एकाच तिकिटात होतं आणि तिकीट माफक आहे. आठवड्याच्या सुरुवातीला बंद असतं, वेळ बघून जा. पूर्ण दिवस ठेवा, आणि संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका.

गुरुवार : सेल्मा आणि जीज बेंड

महामार्ग ८० वरून सेल्माकडे निघालो ते ब्लॅक बेल्टमधूनच. इथे मी कापूस शोधत होतो आणि दिसली कुरणं, गुरं, आणि मांगूरसारख्या मिशाळ ‘कॅटफिश’ माशांची तळी. मातीतला कस धुपून गेला, भुंगा आला, मजूर उत्तरेच्या कारखान्यांकडे गेले आणि कापूस इथून उठला. खडूचा थर पाणी मुरू देत नाही, म्हणून तळी छान होतात. त्याच कारणाने लाउंड्स काउंटीतल्या गरीब घरांचे शौचखड्डे तुंबतात आणि मैला अंगणात येतो. काळ्या मातीत घराची भिंत कशी तडकते हे आम्हाला माहीत आहे. पण मोठ्या देशाच्या मधोमध, या मातीसाठी योग्य अशी महागडी सोय परवडत नाही म्हणून माणसं उघड्या मैल्याशेजारी राहतात, हे बघून राग आला.

सेल्माचा एडमंड पेटस पूल एका दक्षिणी सेनानीच्या नावाचा. ७ मार्च १९६५ रोजी मताचा हक्क मागणाऱ्यांना याच पुलापलीकडे घोडेस्वारांनी आणि पोलिसांनी झोडपलं. २१ मार्चला ते पुन्हा निघाले, ५४ मैल चालत २५ ला माँटगोमेरीला पोहोचले, आणि ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. पूल मधोमध उंच आहे. चढताना पलीकडे काय वाढून ठेवलंय ते दिसत नाही, हे प्रत्यक्ष चालल्यावरच कळतं. गाडीतून ओलांडू नका.

आज निवडणुकीचा नकाशा पाहिला तर अलाबामाच्या मधून डेमोक्रॅट मतांची एक आडवी कोर जाते. प्राचीन समुद्रकिनारा, काळी माती, कापूस, गुलामांची वस्ती आणि त्यांच्या नातवंडा-पतवंडांची मतं, सगळं त्या एकाच कोरीवर येतं.

कॅमडेनहून फेरीबोटीने अलाबामा नदी ओलांडून जीज बेंडला गेलो. नदीने तिन्ही बाजूंनी वेढलेली ही काळ्या लोकांची वस्ती. १९६२ मध्ये इथले लोक मतदार नोंदणीसाठी कॅमडेनला जाऊ लागले, तर गोऱ्या अधिकाऱ्यांनी फेरीच बंद केली. ती २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधली सगळी वर्षं तासाभराचा वळसा घालून जायचं. इथल्या बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या रजया २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या आणि २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. आमच्या आजीच्या गोधडीसारखंच, ज्याच्या पँटीचा गुडघा फाटला त्याची आठवण त्या तुकड्यात. फरक रेषांचा. या बायका सरळ रेषा मुद्दाम सरळ ठेवत नाहीत आणि त्यातून जे उभं राहतं त्यावरून नजर हटत नाही. एका आजींनी हिला शेजारी बसवून सुई दिली. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच कळत होती. हिने आठ-दहा धावदोरे घातले. आजींनी उलटून मागची बाजू बघितली आणि मान डोलावली. फेरीची वेळ वाऱ्यापावसावर बदलते, सकाळी फोन करून निघा, आणि रजई घ्यायची असेल तर तिथूनच, शिवणाऱ्या हातांकडूनच घ्या.

शुक्रवार : मोबील

खाली येताना क्लार्क काउंटीतून आलो. इथल्या शेतांत प्राचीन देवमाशाची हाडं निघतात. बॅसिलोसॉरस, पंधरा मीटरांहून लांब, १९८४ पासून राज्याचा जीवाश्म. राज्याची म्हणून एक मातीही ठरवलेली आहे, १९९७ पासून. तिचं नाव बामा. ती या दक्षिणेकडची, तांबूस, वाळूमिश्रित, निचऱ्याची. शेतीला उत्तम आहे, मान्य. मान काळीला मिळाला नाही याचं मला वाईट वाटलं.

मोबील १७०२ मध्ये फ्रेंचांनी वसवलं आणि अमेरिकेतला सर्वांत जुना मार्डी ग्रा, म्हणजे मिरवणुकांचा कार्निव्हल, इथला. कूसा, टॅलापूसा, अलाबामा, टॉमबिग्बी यांचं पाणी इथे खाडीत येतं. पाऊसही अमेरिकेच्या मानाने दांडगा, वर्षाला दीडशे सेंटीमीटरहून जास्त. छत्री हवीच.

कापूस इथूनच लिव्हरपूलला जायचा. यादवी युद्धात उत्तरेच्या आरमाराने बंदर कोंडलं, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या आणि भाव पेटला आमच्या वऱ्हाडच्या कापसाला. मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र हटवायच्या कंपन्या निघाल्या आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच सगळं कोसळलं. मोबीलच्या धक्क्यावर उभं राहून मी हे पुतणीला सांगितलं. ती म्हणाली, "काका, म्हणजे आपल्या गावाला रेल्वे आली त्याला हे बंदरही कारण?" कारणांपैकी एक, नक्कीच.

गावाच्या उत्तरेला आफ्रिकाटाउन आहे. गुलाम आणण्यावर १८०८ पासून बंदी होती. तरी १८६० मध्ये टिमोथी मीहर नावाच्या धनिकाने पैजेवर क्लोटिल्डा जहाज पाठवलं आणि पश्चिम आफ्रिकेतून सुमारे ११० माणसं चोरून आणली. पुरावा नको म्हणून जहाज जाळून बुडवलं. सुटका झाल्यावर त्या माणसांनी मायदेशी परतायला पैसे जमवायचं ठरवलं, ते जमेनात, तेव्हा इथेच जमीन विकत घेऊन स्वतःचं गाव वसवलं. जहाजाचे अवशेष २०१९ मध्ये चिखलात सापडले आणि २०२३ मध्ये छोटं संग्रहालय उघडलं. वंशज तिथे भेटतात. "आमचे पणजोबा सांगायचे ते खरं निघालं," असं एकजण म्हणाला. जहाज सापडेपर्यंत बाहेरचे लोक त्यावर सहज विश्वास ठेवत नसत.

शनिवार : आखात

गल्फ शोअर्सची वाळू साखरेसारखी पांढरी. ती गारगोटीची, अ‍ॅपलाचियन डोंगरातून नद्यांनी हजारो वर्षं वाहून आणलेली. चीहाच्या धुक्यात जो डोंगर दिसला नव्हता तो इथे पायाखाली होता. पाणी ऑक्टोबरातही कोमट, गर्दी नाही. फोर्ट मॉर्गनहून डॉफिन बेटाला गाडीसकट फेरीबोट जाते, खाडीचा लांबचा वळसा वाचतो. वाटेत डॉल्फिन दिसले.

बोटीवर खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर राहणारे एक गृहस्थ भेटले. त्यांनी ‘जुबिली’ची गोष्ट सांगितली. उन्हाळ्यात एखाद्या रात्री खाडीच्या तळाचं प्राणवायू संपत आलेलं पाणी किनाऱ्याकडे सरकतं, आणि त्याच्यापुढे पळत खेकडे, कोळंबी, चपटे मासे पहाटे उथळ पाण्यात येऊन थबकतात. ज्याला आधी दिसेल तो अंधारात शेजाऱ्यांना फोन करतो आणि सगळा गाव रात्रीच्या कपड्यांत टोपल्या घेऊन धावतो. बघायचं तर ऑगस्टमध्ये या, म्हणाले. आदल्या दिवशी आभाळ असावं, पूर्वेचा हलका वारा असावा, भरती चढती असावी, पाणी शांत असावं. फेअरहोप किंवा डॅफ्नीला खोली घ्या आणि घरमालकाकडे आपला नंबर देऊन ठेवा.